पाठीवरची पट्टी

आमच्या अभ्यासिकेत ग्रंथांपेक्षा मीटर अधिक झाले आहेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. आणि ते खोटे आहे असे म्हणण्याचे धैर्य मजजवळ नाही. मीटर, ऑसिलेटर, हिरव्या पडद्याचा एक अवजड ऑसिलोस्कोप, हा सारा परिवार पुण्याच्या जुन्या बाजारातून, बहुधा रिक्षात माझ्या मांडीवर बसून, घरी आला.

त्यांत माझा विशेष जीव ॲव्होमीटरवर. इंग्लंडातील टपालखात्याच्या मॅकॅडी नावाच्या एका अभियंत्याला अनेक मापके वाहून नेण्याचा कंटाळा आला, आणि १९२३ मध्ये अँपिअर, व्होल्ट व ओहम एकाच पेटीत मोजणारे हे यंत्र बाजारात आले. माझे ‘मॉडेल आठ’ त्याच वंशातले; ते २००८ पर्यंत निघत होते. त्याच्या तबकडीत आरशाची एक बारीक पट्टी आहे. काट्यामागे त्याचे प्रतिबिंब लपले, की डोळा नीट समोर आहे असे समजावे. काट्याने काही सांगण्यापूर्वी पाहणाऱ्याने आपली जागा सुधारावी, ही त्याची अट मला फार आवडते.

एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाने तो मला विकला. वडील नुकतेच वारले होते. घरी येताच मी तो स्पिरिटने लख्ख पुसला. पाठीवर एक पिवळी पडलेली पट्टी चिकटवलेली होती, तीवर पेन्सिलीने आकड्यांच्या जोड्या लिहिलेल्या. तीही खरवडून काढली. संग्रहातली वस्तू कशी नवीकोरी दिसली पाहिजे!

महिन्याभराने खात्रीच्या शंभर व्होल्टांवर काटा एकशेदोन दाखवू लागला, तेव्हा मला त्या आकड्यांचा अर्थ कळला. कोणत्या पट्ट्यात यंत्र किती चुकते, याचा तो हिशेब होता. मोजमापातील चुकांवर पंचवीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या प्राध्यापकाने तो नखाने पुसला होता!

नवा हिशेब मी दोन संध्याकाळीं मांडला, पट्टीही चिकटवली. पण अक्षर माझे.

गेल्या रविवारी बाजारात तो मुलगा पुन्हा भेटला. वडिलांचे काही टिपण उरले आहे का, असे मी भीतभीतच विचारले.

“वह्या होत्या, सर. चांगल्या सातआठ. तुम्ही मीटर नेलात त्याच आठवड्यात रद्दीत घातल्या. तुम्ही काही विचारले नाहीत, म्हटले कोणाला हव्यात!”