हिव खालून लागते

दिवाळीच्या पणत्या उचलल्या की आमच्याकडे खिडकीतला कूलर उतरवायचा. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, आणि आमची घरं बांधलेलीच असतात त्या उन्हाच्या धास्तीनं. उंच छत, समोरासमोर खिडक्या, पायाला गार लागणारी शहाबादी फरशी. थंडी पडली की हेच सगळं अंगावर येतं. मग टाकीतलं उरलंसुरलं पाणी काढायचं, कूलरचं गवत उन्हात टाकायचं, आणि ज्या खिडकीतून चार महिने वारा आत घेतला ती प्लायवूडच्या तुकड्यानं बंद करून फटींत चिंध्या कोंबायच्या. त्या संध्याकाळी घर एकदम गप्प वाटतं.

आजी मात्र खिडकीकडे बघायचीही नाही. ती जमिनीकडे बघायची. "हिव वरून नायी लागत रे बापू, खालून लागते," असं म्हणायची. दर्यापूरकडच्या आमच्या धाब्याच्या घराची जमीन शेणानं सारवलेली. तिच्यावर आधी गोणपाट, मग सतरंजी, मग कापसाची गादी, आणि हे सगळं झाल्यावर वाकळ. तिच्या हिशेबात अंथरूण पहिलं आणि पांघरूण दुसरं.

कोजागिरीनंतर गल्लीत पिंजारी यायचा. खांद्यावर पिंजण, आणि चालता चालता तो तिची तात वाजवत असायचा. तो आवाज आला की आजी गादीची शिवण उसवायला बसायची. आतला कापूस वर्षभर दबून दबून ढेकळासारखा झालेला असे. पिंजारी तात कापसावर धरून तिच्यावर ठोका मारायचा. ढेकूळ थरथरायचं, कडेनं सुटायचं, आणि बघता बघता ओंजळभर कापसाचा टोपलीभर ढीग व्हायचा. ओसरीवर, आमच्या केसांत, आजीच्या भुवयांवर पांढरे तंतू बसायचे. वजन होतं तेवढंच राहिलेलं असायचं. वाढलेली असायची ती आतली हवा. ऊब धरून ठेवते ती हीच हवा. दबलेल्या गादीत ती उरत नाही, म्हणून जमिनीचा गारवा सरळ पाठीला भिडतो. आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

त्या गादीत गावरान कापूस असे. आखूड, जाडसर धाग्याचा. बारीक सूत काढायला तो नको असतो, पण गादीत लवकर बसत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एकेए-7 सारखे देशी वाण दिले. तरी 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत शिवारातून देशी पऱ्हाटी जवळजवळ गेलीच. पिंजारीही आता येत नाही. दुकानातलं मशीन अर्ध्या तासात गादी पिंजून देतं. ते चांगलंच आहे. पण बहुतेक घरं तेही करत नाहीत, पानिपतचं पॉलिस्टरचं ब्लँकेट आणतात. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या वर्षांत ज्या वऱ्हाडाच्या कापसाकडे इंग्लंडच्या गिरण्या डोळे लावून बसल्या होत्या, त्या वऱ्हाडानं पॉलिस्टर पांघरून झोपावं, हे मला लागतं. कापसाला भाव नसला की शेतकरी तो घरातच भरून ठेवतो. माजघर छतापर्यंत पांढरं होतं, पोरं त्याच्या कडेला निजतात, रात्री अंगाला खाज सुटते. त्याच घरातली गादी मात्र वर्षानुवर्षं उसवलेली नसते.

हिवाळा लागला की मला गाडगेबाबा आठवतात. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्यांची गोधडी घालून फिरला, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी खोलीसुद्धा बांधली नाही. उघड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा, हाच त्यांचा देव. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. ऐन थंडीचे दिवस होते.

त्याच वलगाव-परतवाड्याच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी डोंगर उतरून येतात. कापूस वेचतात, पुढे हरभरा सोंगतात. संध्याकाळी वेचलेला कापूस काट्यावर चढतो आणि किलोवर मजुरी मिळते. निजायला बांधावरचं ताडपत्रीचं पाल. दिवसा उन्हात तापलेली काळी जमीन पहाटे पाण्यासारखी गार होते, आणि लेकरं तिच्यावर एका चादरीवर झोपलेली असतात. पोटाशी पाय घेऊन, एकमेकांना चिकटून. दिवसभर ज्यांनी कापूस हाताळला त्यांच्या अंगाखाली रात्री मूठभर कापूस नसतो.

लोक थंडीत ब्लँकेटं वाटतात. वाटावीच. पण यंदा घरातली गादी पिंजायला टाकाल तेव्हा माळ्यावरची जुनी गादीही सोबत न्या. तिच्यातल्या चार-पाच किलो कापसात एक माणूस निजेल एवढी पातळ गादी भरते. वर मांजरपाटाची खोळ, मोठे टाके. ती एखाद्या पालावर द्या आणि अंथरायला द्या. 20 डिसेंबरच्या आत द्या. रात्री त्यानंतर आणखी गार होतात.