नवा संसार, मोजके सामान

चहाचा पेला हातून लवंडणे ही काही मोठी दुर्घटना नव्हे. माझ्या हातून तो वर्षातून चार-पाच वेळा लवंडतोच. आणि बहुधा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच लवंडतो, म्हणून त्याचे मला फारसे दुःखही होत नाही. परंतु गेल्या श्रावणात तो लवंडला तो आमच्या कन्येच्या लॅपटॉपवर. यंत्र दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले, दुरुस्तीवाल्याचे उंबरठे झिजवले. पण आतले सारे गेले ते गेलेच. आणि सारे म्हणजे काय? तर चार वर्षे मांडलेला एक भरला संसार!

हा संसार 'द सिम्स 4' नावाच्या खेळातला. ज्यांच्या घरी पंधरा वर्षांची मुलगी नाही त्यांच्यासाठी सांगतो : ही संगणकावरची भातुकली. घर बांधायचे, त्यात माणसे वसवायची. ती जेवतात, झोपतात, नोकरीला जातात, भांडतात आणि म्हातारीही होतात. बोलतात मात्र 'सिम्लिश' नावाच्या एका अगम्य भाषेत. अर्थात व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकांवरून येणारी कुजबुज ऐकण्याची सवय असल्यामुळे मला ते फारसे खटकत नाही.

या खेळाचा जनक विल राइट. 1991 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, त्यात या गृहस्थाचे घर जळाले. पुन्हा घर उभे करताना आधी काय आणावे आणि कशावाचून चालेल, याचा विचार करता करता त्याला हा खेळ सुचला. प्रथम तो नुसत्या घरबांधणीचाच व्हायचा होता. बांधलेले घर चांगले की वाईट हे ठरवण्यापुरती त्यात माणसे घातली, आणि माणसांनी घराचा ताबाच घेतला. पहिला 'सिम्स' 2000 साली आला, चौथा 2014 साली. 2022 पासून या चौथ्याचा मूळ खेळ फुकट मिळतो, ही गोष्ट माझ्यासारख्या पगारदार बापाला विशेष हृद्य वाटते.

आता या खेळात 'मॉड' म्हणून एक प्रकार असतो. जगभरचे हौशी लोक घरबसल्या लहानमोठ्या फायली तयार करतात. त्या आपण आपल्या खेळात घालायच्या, म्हणजे मूळ खेळात नसलेल्या गोष्टी घडू लागतात. हे प्रथम ऐकले तेव्हा माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला.

"अगं, ही तर चक्क क्षेपकं!" मी म्हणालो. "असल्याच हौशी हातांनी ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले, म्हणून शके 1506 मध्ये एकनाथांना ती शुद्ध करत बसावं लागलं."

"पण बाबा," कन्या शांतपणे म्हणाली, "इथे खेळानंच त्यासाठी वेगळं फोल्डर करून ठेवलंय. त्याचं नावच 'मॉड्स' आहे."

ग्रंथकर्त्यानेच क्षेपकांसाठी कोरी पाने बांधून दिली असतील, तर प्राध्यापकाने बोलावे काय?

जुन्या फोल्डरात तिच्या चारशेच्या वर फायली होत्या. साठ तऱ्हेच्या केशरचना, पडदे, उशा, लोणच्याच्या बरण्या, आणि काय काय. शिवाय खेळाची नवी आवृत्ती आली, की तो सगळे मॉड आपणहून बंद करतो; आपण एकेक तपासून ते पुन्हा सुरू करायचे. त्यातला एखादा बिघडलेला निघाला, की निम्म्या फायली बाहेर काढून खेळ चालवून पाहायचा. चोर सापडला नाही, तर उरलेल्यांच्या पुन्हा निम्म्या काढायच्या. कित्येक रविवारी कन्या खेळायला बसे, आणि संध्याकाळपर्यंत नुसती निवडत बसे. आमच्या घरातल्या माळ्याची कळा याहून निराळी नाही.

नवा लॅपटॉप आल्यावर तिने कागदावर यादी केली. मी वाकून पाहिले. चारच नोंदी!

पहिला, 'एमसी कमांड सेंटर'. आपले लक्ष नसतानाही शेजारपाजारच्या घरांत लग्ने व्हावीत, पोरेबाळे व्हावीत, याची व्यवस्था तो पाहतो. "नाहीतर आपलंच घर जिवंत वाटतं आणि बाकीचं गाव कागदाचं," ती म्हणाली. दुसरा, 'यूआय चीट्स'. भूक, झोप, करमणूक यांच्या पडद्यावर पट्ट्या असतात. त्यांवर टिचकी मारली, की त्या भरतात. हा फक्त अडीअडचणीला. तिसरा, 'बेटर एक्सेप्शन्स'. खेळ अडखळला, की घोटाळा कोणत्या फायलीने केला याचा माग काढणारा. आणि चौथी, साड्यांची एकुलती एक फाइल.

त्या साडीपाशी मी थांबलो. चार वर्षांपूर्वी त्या पहिल्या घरात कन्येने आजी वसवली होती. आमच्या आईला शेजारी बसवून, तिला विचारून विचारून तिचा चेहरा घडवला होता. नऊवारी काही मिळाली नाही. कुणा हौशाने बनवलेल्या सहावारीवर आईने समाधान मानले. पडद्याकडे पाहून ती म्हणाली होती, "नाक जरा मोठं झालंय हो माझं!"

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्याच आठवड्यात केव्हातरी कन्येने खेळातले वय थांबवले. त्याला मॉड लागत नाही. खेळातच तशी कळ आहे. ती दाबली, की काळा झगा घालून येणारा तो यमदूत म्हातारपणाचे निमित्त करून तुमच्या दारी येत नाही. तिने मला हे सांगितले नव्हते. पण मी कधीकधी रात्री दिवा मालवायला जाई, तेव्हा पडद्यावरची आजी स्वयंपाकघरात उभी दिसे. आणि मीही क्षणभर दाराशी रेंगाळे.

मग माझ्या पेल्याने तिलाही नेले. आठ दिवस मी मुलीच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

"आणि आजीचं वय?" यादी पाहता पाहता मी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले. "ते बंदच ठेवणार ना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही बाबा. त्या घरातलं बाळ आठवतं तुम्हाला? वय थांबवलं, तर सगळ्या घराचंच थांबतं. दोन वर्षं ते बाळ दुडदुडतच होतं. शाळेत काही जाईना."

ठेव गं बंदच, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. बाळ राहिले दुडदुडत तर कुणाचे काय बिघडते? परंतु तिने पेन्सिल खाली ठेवली होती. जे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी उमजत नव्हते, ते तिने पंधराव्या वर्षी उमजून घेतले होते. आणि त्यासाठी कोणत्याही फायलीची तिला गरज लागली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावून मी आत आलो, तर आतल्या खोलीतून हाक आली. नव्या घरातली आजी तयार झाली होती. तीच सहावारी, तोच अंबाडा. मी चष्मा पुसून नीट न्याहाळले.

"नाक जरा मोठं झालंय," मी म्हणालो.

"आजीही हेच म्हणाली होती," ती म्हणाली. आणि नाक तसेच ठेवून तिने खेळ सुरू केला.