दोन फळ्यांचा हिशोब

परवा टीममधल्या एका पोराने चॅटवर लिंक पाठवली. स्कीज, बाइंडिंगसकट, ४० टक्के सूट, स्टॉक संपेपर्यंत. खाली प्रश्न : "घेऊन टाकू का? तीन वेळा भाड्याने घेतल्या, पैसे फुकट जातायत असं वाटतं." पोरगा पुण्याचा, बे एरियात येऊन जेमतेम वर्ष झालंय, पहिलाच सीझन. मी दोन ओळींत उत्तर दिलं. स्कीज नको, घ्यायचेच असतील तर बूट घे. त्याने अंगठा दाखवला (वर केलेला!) आणि कामाला लागला.

माझ्या डोक्यातून मात्र विषय जाईना. कारण हाच प्रश्न मी एप्रिल २०१२ मध्ये स्वतःला विचारला होता आणि स्वतःच उत्तरही दिलं होतं. एक्सेलमध्ये, अर्थात. आपण इंजिनिअर लोक ना.

हिशोब असा होता. शहरातल्या दुकानात स्कीज आणि काठ्यांचं भाडं दिवसाला ४० डॉलर. (डोंगरावर रिसॉर्टच्या काउंटरवर हेच बरंच महाग पडतं, शिवाय सकाळची रांग.) सेलमध्ये स्कीज ६४० ला. भागाकार केला, सोळा दिवस. वर्षाला आठ दिवस गेलो तर दोन सीझनमध्ये पैसे वसूल आणि त्यापुढे जन्मभर फुकट! बूट यात धरले नव्हते, ते वेगळं प्रकरण आहे, पुढे सांगतो.

हा आठचा आकडा कुठून आणला म्हणाल तर डिसेंबर ते मार्च, महिन्याला एक वीकएंड. कागदावर काहीच अवघड नाही. प्रत्यक्षात शुक्रवारी चार वाजता अख्खा बे एरिया ८० नंबरच्या हायवेवर असतो. साडेतीन तासांच्या ताहोला सात तास लागतात. डॉनर पासच्या अलीकडे चेन कंट्रोल लागतो आणि ओल्या बर्फात गुडघे टेकून टायरला साखळ्या बांधताना आपण कोकणात का जात नाही असा प्रश्न पडतो. त्यात एका वीकएंडला ऑन-कॉल, एका वीकएंडला कुणाकडे तरी बारसं.

पहिल्या सीझनला चार दिवस झाले, दुसऱ्याला दोन. मग कॅलिफोर्नियात दुष्काळ. १ एप्रिल २०१५ ला फिलिप्स स्टेशनला बर्फ मोजायला गेले तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राऊन चक्क कोरड्या गवतावर उभे होते. राज्यभरातला बर्फ नेहमीच्या सरासरीच्या ५ टक्के. मी त्या वर्षी ५० डॉलर देऊन कडांना धार आणि वॅक्सिंग करून घेतलं होतं! २०१६ च्या फेब्रुवारीत लेक झाली, तो सीझन तिचा. २०१७ ला तीन दिवस, २०१८ ला शून्य, २०१९ ला दोन. एकूण अकरा. स्कीज ६४०, गाडीवरचा रॅक ३००, बॅग ६०, चार वेळा ट्यूनिंगचे २००. म्हणजे १२०० डॉलर, दिवसाला ११० च्या आसपास. भाड्याने ४४० त भागलं असतं.

पैसे जाऊ देत. भाड्याचा खरा फायदा मला उशिरा कळला. आपला बर्फ रोज वेगळा. ताहोला कधी भुसभुशीत पावडर पडते, कधी ते ओलं जड प्रकरण ज्याला इथले लोक 'सिएरा सिमेंट' म्हणतात, आणि आठवडाभर काहीच पडलं नाही तर सकाळी नुसती कडक फरशी. फरशीवर बारीक कमरेची स्की पटकन वळते, सिमेंटमध्ये रुंद बरी. भाड्यात ती सोय असते, सकाळी एक घ्या, दुपारी बदलून दुसरी. काही दुकानं तर डेमो स्कीजचं भाडं पुढे खरेदीत वळतं करून देतात. शिवाय पहिल्या दोन-तीन वर्षांत आपणच इतके बदलतो की सुरुवातीला घेतलेली मऊ, आखूड स्की लवकरच अपुरी वाटायला लागते.

बुटांचं उलट आहे. स्की बर्फाला लागते, बूट तुम्हाला लागतो (दोन्ही अर्थांनी). भाड्याचा बूट शंभर पायांनी आतून दबलेला असतो. टाच आत उचलली जाते, म्हणून आपण बक्कल आणखी आवळतो, पोटऱ्या सुन्न होतात आणि दुपारी दोनला आपण कॅफेटेरियात. मी सवयीने एक नंबर मोठा मागायचो. फिटिंग करणाऱ्या बाईने आधी आतलं अस्तर काढून नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एक ते दोन बोटं एवढीच जागा राहायला हवी. माझ्या मागे आख्खा हात जात होता. साइझ सेंटिमीटरमध्ये असतो, पायाची लांबी मोजली की झालं. पण लांबीबरोबर पंजाची रुंदीही सांगा. चपला घालून वाढलेले आपले पाय पसरट असतात, अरुंद बुटात मार खातात. वर्षाला चार-पाच दिवस नक्की जात असाल तर बूट घ्या आणि विमानात केबिनमध्ये न्या. त्याहून कमी जात असाल तर सगळंच भाड्याने. पोरांसाठी कधीच विकत घेऊ नका, त्यांचे पाय दर वर्षी वाढतात. दिवाळीच्या सुमारास सीझनभराच्या भाड्याने घ्यायचं, बर्फ संपला की परत.

असो. इथपर्यंतचं सगळं मी त्या पोराला सांगू शकलो असतो. जे सांगितलं नाही ते २०१९ चं.

माझा धाकटा भाऊ ऑफिसच्या कामाने दोन आठवडे आला होता. म्हणाला, "दादा, बर्फ दाखव." मी म्हटलं, नुसता बघतोस काय, शिक की. भाड्याने घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. घरात स्कीज असताना? आमच्या घरात माझे शाळेचे बूट पुढच्या जूनमध्ये त्याला मिळायचे, माझी पुस्तकं नवी खाकी कव्हरं घालून त्याला मिळायची. आमचे पाय तर सारखेच. माझे बूट त्याला थोडे सैल झाले, तर दोन मोजे घाल म्हटलं. माझ्या स्कीजमध्ये माझे बूट खट्‌कन बसले. सगळं कसं जमून आलं. स्वतःसाठी मी दुकानातून भाड्याने आणल्या, त्याचे ४० डॉलर वाचले आणि आपल्या स्कीज एकदाच्या वापरात आल्या याचा मला आनंद झाला.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडताना ठरावीक जोर आला की त्याने पाय सोडून द्यायचा असतो. तो जोर किती, हे एका छोट्या स्क्रूवर ठरतं आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावरून काढतात. माझं वजन ८४ किलो. फॉर्मवर 'सावकाश' आणि 'बेधडक' यांच्या मधल्या चौकोनात मी खूण केली होती, खरं तर मी सावकाशवालाच. आकडा साडेसहा. भाऊ ६१ किलोचा आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर उभा. त्याचा साडेतीनच्या आसपास यायला हवा होता.

सगळ्यात सोप्या उतारावर, चालण्याच्या वेगाने, तो पिळवटून पडला. स्की सुटली नाही. पाय गुडघ्यातून फिरला. मला वरून नुसतं दिसलं की तो उठत नाहीये.

एसीएल गेलं. ऑफिसच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये विंटर स्पोर्ट्स वगळलेले होते, हे आम्ही नंतर वाचलं. ऑपरेशन पुण्यात. दर रविवारी पहाटे सिंहगड चढणारा माणूस, वर्षभर गेला नाही. आता जातो, उतरताना काठी लागते. बाइंडिंग नीट लावलेलं असतं तरी गुडघा वाचला असता का? सांगता येत नाही. आधुनिक बाइंडिंगमुळे नडगीचं हाड मोडणं खूप कमी झालं, गुडघ्याच्या लिगामेंटचं तसं झालेलं नाही. डॉक्टरही हेच म्हणाले. मी या वाक्याला बरीच वर्षं धरून बसलो. आईला सांगितलं, घसरला. त्याला आकड्याचं काहीच सांगितलं नाही.

तेव्हापासून स्कीज गॅरेजमध्ये. भाऊ या फेब्रुवारीत सहकुटुंब येणार म्हटल्यावर बायको म्हणाली, त्या दोन फळ्या एकतर वापर नाहीतर काढ. जानेवारीत दुकानात घेऊन गेलो. कडांवर गंज होता, तो निघाला असता. पण टेक्निशियनने बाइंडिंगचं मॉडेल संगणकावर बघितलं आणि मान हलवली. कंपन्या दर वर्षी यादी काढतात, अमुक बाइंडिंगची जबाबदारी अजून आम्ही घेतो म्हणून. माझं त्या यादीतून गेलं होतं. यादीत नसलेल्या बाइंडिंगला दुकानं हात लावत नाहीत. (क्रेगलिस्टवर स्वस्तात जुन्या स्कीज शोधणाऱ्यांनी हे आधी बघावं.) घरी आणून मी बाइंडिंगचे स्क्रू काढले, कुणी उचलून वापरू नये म्हणून, आणि फळ्या टाकून दिल्या.

फेब्रुवारीत आम्ही सगळे भाड्याच्या दुकानात. भाऊ म्हणाला, मी खाली बसून हॉट चॉकलेट पिणार, पण माझ्या पोरीला शिकव. ती अकरा वर्षांची. फॉर्म तोच भरत होता. वजनाच्या रकान्याशी थांबला.

"दादा, हे वजन कशाला लागतं?"

काउंटरवरच्या मुलाने माझ्या आधी उत्तर दिलं, स्क्रू दाखवून, नीट समजावून. भावाने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"माझ्या वेळी भरला होता का आपण हा फॉर्म?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या आकड्यावर होतं ते. मला तेव्हाच बदलायला हवं होतं."

तो "हं" म्हणाला. ३४ लिहिलेलं होतं, ते बघत राहिला. मग काउंटरवर विचारलं, वजनकाटा आहे का? होता. पोरीला जॅकेट, बूट काढून वर उभं केलं. साडेबत्तीस. त्याने ३४ खोडलं, ३२.५ लिहिलं, 'सावकाश'च्या चौकोनात खूण केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. माझा फॉर्म अजून कोराच होता.