थांबलेलें घड्याळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी वालूरला गेलों, तेव्हां पुतण्यानें सोप्यांत दूरचित्रवाणीसमोर सतरंजी अंथरून ठेविली होती. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरील 'द रेल्वे मेन' ही चार भागांची मालिका त्याला आम्हां सर्वांस दाखवावयाची होती. मालिका २०२३ सालची. परंतु आमच्या घरीं कोणतीहि नवी वस्तु येण्यास थोडा उशीर लागतोच. आई खुर्चीवर, आम्ही खालीं, आणि माझा थोरला चुलतभाऊ नाना उंबऱ्यावर, अशी बैठक जमली. घरांत इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक असल्यामुळें जागोजाग "काका, हें खरं का?" असा प्रश्न मला येत होता, आणि मीहि परीक्षकाच्या थाटानें खऱ्याखोट्याचे गुण देत होतों.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला, हें खरें. स्थानकाचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनीं फलाटावरची गोरखपूर एक्स्प्रेस वेळेआधींच पुढें काढून दिली आणि आंतील उतारूंचे प्राण वांचविले, हेंहि खरें. मालिकेंत मात्र दस्तगीर नाहींत. त्यांच्या जागीं इफ्तेकार सिद्दीकी नांवाचा अधिकारी आहे. पोलिसाच्या वेषांतला चोर तर सर्वस्वीं लेखकाचा. आई म्हणाली, "चोर असूं दे रे. पण ज्यानं गाडी सोडली, त्याचं नांव कां बदललं?" मीं कलावंताच्या स्वातंत्र्यावर एक लहानसें व्याख्यान दिलें, घडलेलें सांगतो तो इतिहासकार आणि घडूं शकेल तें सांगतो तो कवि, हें ॲरिस्टॉटलचें वचनहि ऐकविलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि फराळाचें पाहावयास ती उठून गेली.

मालिका संपल्यावर बोलणें ओघानेंच किल्लारीवर आलें. मराठवाड्यांतल्या माणसास आपत्ति म्हटली कीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आठवते. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालेलें, गांवें उशिरां निजलेलीं. आणि ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जमीन हादरली. सरकारी हिशेबाप्रमाणें ७,९२८ माणसें गेलीं. मी त्या वेळीं एम्. ए. चा विद्यार्थी होतों. तिसऱ्या दिवशीं नाना व मी भाकरी आणि कपडे भरलेल्या एका ट्रकमधून तिकडे गेलों. ही हकीकत मी गेलीं तीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहें: सगळ्या ढिगाऱ्यांत एक भिंत तेवढी उभी, तिच्यावर एक घड्याळ, आणि चार वाजण्यास चार मिनिटें असतां थांबलेले त्याचे कांटे. येथें मी क्षणभर थांबतों. त्या क्षणीं वर्गांत कोणी खोकतहि नाहीं.

त्या रात्रींहि मी तेथवर आलों आणि थांबलों. तोंच नाना उंबऱ्यावरून म्हणाला, "कसलं घड्याळ? आपल्याला गांवांत जाऊंच दिलं नाहीं. तीन दिवस सडकेवर कपडे मोजत बसलों होतों कीं आपण!"

मी वाद घालण्याच्या तयारीनें तोंड उघडलें. पण इतक्यांत ती सडक डोळ्यांपुढें उभी राहिली. पाऊस, चिखल, आणि दूरदूरच्या शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे भिजलेले ढीग. त्यांत जरीच्या साड्या होत्या, लग्नांतले कोट होते. कोणी घेईना. एक म्हातारा आला, ढिगाकडे न पाहतांच म्हणाला, "कपडा नको. टिकाव आहे का?" आमच्याजवळ टिकाव नव्हता. तो पुढच्या ट्रककडे गेला. हें मी विसरलों होतों असें नाहीं. मीं तें कधीं कोणास सांगितलें नव्हतें.

"घड्याळ आपलं रे," आई म्हणाली. "ह्याच सोप्यांतलं. तूं परत आलास तेव्हां बंद होतं. गणपतीच्या गडबडींत चावी द्यायची राहिली होती."

सगळे हंसले. मीहि हंसलों, परंतु त्या रात्रीं मला लौकर झोंप आली नाहीं.

घड्याळ दीडशें किलोमीटर हलविलें, ह्यांत मोठेंसें पाप नव्हतें. चेर्नोबिलवरील २०१९ ची प्रसिद्ध मालिका घ्या. तिच्यांतील उलाना खोम्युक ही विदुषी अनेक शास्त्रज्ञ मिळून बनविलेली. आणि १९८७ च्या खटल्यांत लेगासोव्ह साक्षीस आलेलेच नव्हते, मालिकेंत मात्र ते भर न्यायालयांत लाल-निळ्या पाट्या लावून अणुभट्टीचा दोष समजावून देतात. तथापि नियंत्रण-दांड्यांच्या टोंकांशीं असलेल्या ग्रॅफाइटनें घात कसा केला, हें जें ते सांगतात तें खरें आहे. माणूस हलविला, कारण हलविलें नाहीं. उलट आपल्याकडचा 'ध' चा 'मा' पाहावा. १७७३ मध्यें नारायणरावाचा खून झाला. आनंदीबाईंनीं पत्रांतील 'धरावें' चें 'मारावें' केलें, ह्यास इतिहासकारांना निर्विवाद पुरावा मिळालेला नाहीं. पण नाटकां-कादंबऱ्यांनीं तें अक्षर इतक्या वेळां गिरविलें कीं आतां तें भाषेंतूनच निघत नाहीं. एका अक्षरानें एका स्त्रीच्या माथीं खून कायमचा बसला.

माझें घड्याळ ह्यांपैकीं कोणत्या जातीचें, हा विचार करीत मी माळवदाकडे पाहत पडलों होतों. आमचें घरहि त्याच जातीचें आहे. किल्लारीच्या बाजूचीं घरें दगड-मातीचीं. भिंत हातभराहून जाड, बाहेरून दगड नीट बसविलेले, आंतूनहि बसविलेले, आणि मध्यें नुसती माती व खडे. दोन्ही बाजूंस एकत्र धरणारा लांब दगड कोठेंच नाहीं. वर माळवदाची फूट-दोन फूट माती. धक्का बसतांच भिंतीचे दोन पापुद्रे फुगून सुटे झाले आणि तो भार निजलेल्या माणसांवर आला. कुडाच्या झोंपड्यांत राहणारे पुष्कळसे वांचले, वाड्यांतले गेले. मालिकेच्या लेखकानें ह्यांतून खलपुरुष कोठून काढावा? आणि मंगरूळला दीड वर्षाची एक मुलगी पांच दिवसांनीं ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, ही खरी गोष्ट त्यानें घातली तर माझ्यासारखाच एखादा परीक्षक तिला शून्य गुण देईल!

माझ्या घड्याळानें दोष वेळेवर टाकला होता. तीस वर्षांत जीं मुलें माझ्या वर्गांतून गेलीं, त्यांस ३ वाजून ५६ मिनिटें हें पाठ असेल. भिंत कोठें फुटते, हें मीं एकासहि सांगितलें नाहीं.

सकाळीं पुतण्या मला मागच्या पडक्या खोलीकडे घेऊन गेला. ती पाडून, तेच दगड वापरून, त्याला दोन खोल्या काढावयाच्या आहेत. "दगडाची भिंत म्हणजे पिढ्यानपिढ्यांचं काम, नाहीं का काका?" तो म्हणाला. आमच्या गांवच्या चक्राकार बारवेचे घडीव दगड रोज पाहणाऱ्यास तसें वाटणें स्वाभाविक आहे. नानानें ढांसळलेल्या कोपऱ्यांतला एक दगड उपसला आणि आंत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हां मुठींत भुसभुशीत माती होती.

"मग दोन्ही बाजू सांधणारा दगड किती अंतरावर टाकायचा?" पुतण्यानें विचारलें. मला ठाऊक नव्हतें. स्थापत्यशास्त्र शिकविणाऱ्या एका मित्रास मीं तेथूनच फोन केला. उभ्यांत दोन फुटांवर व आडव्यांत चार फुटांवर एक, आणि दारां-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींना धरून काँक्रीटचा सलग पट्टा, असें त्यानें सांगितलें. पुतण्यानें चुलींतला कोळसा आणून तें त्या पडक्या भिंतीवरच लिहून ठेविलें.