हातोडा पडण्यापूर्वी

आमच्या आजीच्या तोंडी 'लिलाव' हा शब्द आला की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. लिलाव म्हणजे सावकार, जप्ती, बँकेत गहाण राहिलेल्या पाटल्या. आमच्या घरातल्या आताच्या मुलांना मात्र त्याच शब्दात झगमगाट दिसतो. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ दर ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मोंटेरेच्या गाड्यांच्या लिलावांचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, "बाबा, आपली शेव्ही!"

ही शेव्ही म्हणजे 1948 सालची शेवरोले फ्लीटमास्टर. आजोबांचा रामबागेत दवाखाना होता, त्यांनी ती सेकंडहँड घेतली. त्या काळी जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता आणि सुटे भाग जोडून गाड्या तिथून बाहेर पडत. सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. वाडा सोडून काका विजय नगरला बंगल्यात आले तेव्हा गाडीही आली. आता बंगल्याच्या जागी फ्लॅट होणार आहेत. काकांना मिळणारं पार्किंग एका लहान गाडीचं, आणि शेव्हीची लांबी जवळजवळ पाच मीटर. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची होती. तेव्हा विकायचीच असं ठरलं, आणि मुंबईच्या एका ऑक्शन हाउसचा माणूस येऊन गाडी बघून, फोटो काढून, पोहे खाऊन गेला.

इंदूरकरांना लिलाव तसा नवा नाही. यशवंतराव होळकरांनी (दुसरे) 1930च्या दशकात माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेशियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. त्याच दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग मागवून लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर केशरी-काळ्या रंगाची बॉडी चढवून घेतली. माणिकबागेतलं फर्निचर 1980 साली सदबीजने माँटे कार्लोत लिलावात विकलं. राजवाड्यात आता सरकारी कर कार्यालय आहे. खुर्च्या जगभरच्या संग्रहांत गेल्या आणि आपण त्या पुस्तकांत बघतो. राजघराण्याच्या वस्तूंचं ठीक आहे, त्यांच्यामागे नाव असतं. डॉक्टरांच्या शेव्हीमागे काय असतं? कागद. आणि तेही धड नसतात.

कंपनीने करारपत्र पाठवलं तेव्हा ते वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मीच एक बँकेतून निवृत्त. चौदा पानं होती. पहिल्या पानावर अंदाजित किंमत 20 ते 25 लाख. तो आकडा पाहून ग्रुपवर पेढ्यांची चित्रं पडली. मी कागदावर गणित मांडलं. समजा, हातोडा 20 लाखांवर पडला. आमच्याकडून कमिशन 10 टक्के, म्हणजे 2 लाख. त्यावर 18 टक्के जीएसटी, 36 हजार. बंद ट्रकने इंदूरहून मुंबई, विमा, कॅटलॉगचे फोटो मिळून धरले 80 हजार. आमच्या हातात 16 लाख 84 हजार. घेणाऱ्याकडून कंपनी वेगळं 15 टक्के प्रीमियम घेणार, त्यावरही जीएसटी, म्हणजे त्याच्या खिशातून जाणार 23 लाख 54 हजार. मधले 6 लाख 70 हजार आमचेही नाहीत आणि त्याचेही नाहीत. यात फसवणूक काही नाही, सगळं छापलेलं आहे. फक्त ते नवव्या पानावर आहे.

पण पैशांपेक्षा मला इतर कलमं बोचली. कॅटलॉग छापल्यावर गाडी मागे घेतली तर दंड आम्ही भरायचा. घेणाऱ्याने पैसे बुडवले तर कंपनी बांधील नाही. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायची नाही ती, अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा जास्त ठेवता येणार नाही. आणि बोली तिथपर्यंत पोचलीच नाही तर गाडी परत आणायचा खर्च आमचा.

"नाही विकली गेली तर परत आणू, त्यात काय?" असं भाऊ फोनवर म्हणाला. त्याला मी त्याच्याच मोंटेरेची गोष्ट सांगितली. ऑगस्ट 2019 मध्ये आरएम सदबीजने 1939 सालची पोर्शे टाइप 64 तिथे लिलावाला ठेवली. दोन कोटी डॉलरच्या वर जाईल अशी हवा होती. लिलाव पुकारणाऱ्याच्या उच्चारात 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांचा घोळ झाला. पडद्यावर 3 कोटी, 4 कोटी करत आकडा 7 कोटींवर गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि मग त्याने सांगितलं की मी 1 कोटी 70 लाख म्हणतोय. हुर्यो उडाली, लोक उठून गेले, गाडी विकली गेली नाही. चूक मालकाची नव्हती, पण डाग गाडीला लागला. भर मंडपातून परत गेलेल्या स्थळासारखं असतं ते. पुढचा प्रत्येक जण आधी विचारतो, तेव्हा का नाही जमलं?

शिवाय मोंटेरेचे भाव इथे लावून उपयोग नाही. 1950 पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर पाठवण्यावर सरकारचे निर्बंध आहेत. आपला गिऱ्हाईक देशातलाच, आणि असे हौशी किती?

खरी मेख कागदांत निघाली. 1973 नंतर पेट्रोल महागलं तेव्हा पुष्कळांनी मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेतली. आजोबांनीही बसवलं आणि आरसी बुकात तशी नोंद केली. काढलेलं मूळ इंजिन फेकलं मात्र नाही, ताडपत्रीखाली ठेवलं. पुढे काकांनी सियागंजच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला हाताशी धरून ते परत चढवलं. काम इतकं सुरेख झालं की काका अजून सांगताना खुलतात. पण बुकात अजून डिझेलच आहे, इंजिन नंबरही त्याचाच. आणि मालक म्हणून नाव आजोबांचं, ज्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. वारस म्हणाल तर काका, दोन आत्या, आणि माझ्या वडिलांच्या जागी मी व माझी बहीण.

कंपनीच्या कॅटलॉगच्या मसुद्यात लिहिलं होतं: 'एकाच कुटुंबाकडे, मूळ इंजिनासह, कागदपत्रं पूर्ण.' आणि अकराव्या पानावर विकणाऱ्याची हमी होती: वर्णन खरं आहे, मालकी निर्विवाद आहे, उद्या दावा झाला तर भरपाई आमची. म्हणजे वर्णन त्यांनी लिहायचं आणि सही काकांनी करायची. हातोडा पडला की गाडी जाते, ही हमी मात्र घरातच राहते. 2014 साली बोनहॅम्सने इंग्लंडमध्ये 1954 सालची एक फेरारी 375 प्लस एक कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकली. अमेरिकेतून चोरीला गेलेल्या त्या गाडीचे जुने दावेदार होतेच, आणि प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. आमची शेव्ही कुठे, फेरारी कुठे, पण आमच्या एका आत्याला तरी कुठे कोणी विचारलं होतं?

मी काकांना म्हटलं, "काका, त्यांना खरं ते लिहायला सांगू. इंजिन शेवरोलेचंच आहे, पण बुकातल्या नंबराशी जुळत नाही."

काका थोडे दुखावले. "अगं, ते इंजिन मूळचंच आहे. मी स्वतः ठेवलंय सांभाळून."

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. घेणाऱ्याला बुक दिसणार."

तसं कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: अंदाज 12 ते 15 लाख, आणि राखीव किंमत न ठेवता विकावी असा सल्ला. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि करारपत्राची चौदा पानं पंच करून फायलीत लावून टाकली.

आता उलट्या बाजूने काम चाललं आहे. 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये फी, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही, रॅली-प्रदर्शनाला न्यायची. चॅसी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, त्यामुळे ताडपत्रीखाली राखलेलं ते इंजिनच आता उपयोगी पडतंय. विक्रीलाही मुभा आहे, 90 दिवसांत दोन्ही बाजूंनी परिवहन खात्याला कळवायचं. त्याआधी वारसांची संमतीपत्रं लागतात. दोन्ही आत्यांनी सह्या केल्या. धाकटी म्हणाली, "या गाडीतूनच माझी वरात गेली होती, विकताना मला एकदा बसवा म्हणजे झालं." न्यू जर्सीहून भावाने पैसे पाठवले, आणि हल्ली व्हिडिओ पाठवत नाही, इंजिन नंबर कुठे कोरलेला असतो त्याचे फोटो पाठवतो.

गाडी सध्या देवास नाक्याला ओळखीतल्या एकांच्या गोदामात आहे, भाडं महिना चार हजार. दर रविवारी काका रिक्षाने जातात, सहा व्होल्टची बॅटरी लावून इंजिन दहा मिनिटं चालवतात. उज्जैनचे एक गृहस्थ दोनदा बघून गेले. पहिल्याच भेटीत काकांनी त्यांना बॉनेट उघडून डिझेलपासून सगळी कहाणी सांगितली, मिस्त्रीच्या नावासकट. त्यांनी कागद हातात आले की बोलू असं सांगितलंय, आणि 14 लाखांचा आकडा काढलाय. काका 16 वर अडून आहेत.