गच्चीवरचा श्रोता

गाणं ऐकायला माणसाने किती लांब जावं, याचं प्रमाण कोणत्याही शास्त्रात दिलेलं नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ 'सवाई गंधर्व'ला दरवर्षी नांदेडहून पुण्याला जायचे आणि आल्यावर भीमसेनजींच्या तानांपेक्षा पुण्याच्या थंडीचं वर्णन जास्त करायचे. मी मात्र गाण्यासाठी केलेला सर्वांत अवघड प्रवास दोनशे पावलांचा आहे. आणि तो करायला मला सहा वर्षं लागली.

त्याचं असं झालं. १९८१ साली आम्ही नांदेडात नव्या सोसायटीत राहायला गेलो. सोसायटी मध्यमवर्गीय, म्हणजे प्रत्येक दारात तुळस, प्रत्येक घरात कर्ज आणि मागे एक भिंत. भिंतीपलीकडे वस्ती होती. ही भिंत मुळात कमरेइतकी. पण १९७८च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात माणसांची घरं जळाली, नांदेड जिल्ह्याने तर नको ते सगळं पाहिलं. आणि त्यानंतर आमची भिंत दोन फूट वाढली. सोसायटीच्या इतिवृत्तात याचं कारण 'डुकरे आत येतात' असं नोंदलेलं आहे. मी ते स्वतः वाचलं आहे. डुकरांनी यावर खुलासा केल्याचं नोंदलेलं नाही.

एप्रिल लागला की आमच्याकडे घराचा उपयोग फक्त कपडे ठेवायला होतो. रात्री सगळी सोसायटी गच्चीवर. गाद्या, सुरई, ओल्या चादरी आणि डास. चौदा एप्रिलच्या आसपास भिंतीपलीकडे मांडव पडायचा आणि रात्री दहानंतर एक आवाज सुरू व्हायचा. गोड अजिबात नव्हता तो. वाळूवर पत्रा ओढावा तसा. पण त्या आवाजातला शब्द न् शब्द कळायचा, आणि कळला की झोप उडायची. पेटी, ढोलकी, बँजो, मागे दोन-तीन पोरांचा कोरस. मी तोंडावर पंचा टाकून झोपल्याचं सोंग करायचो आणि पहाटेपर्यंत ऐकायचो.

सकाळी सोसायटीत एकच विषय : काय हा कर्णा! मीही म्हणायचो, "काय हा कर्णा!" नुसता म्हणून थांबलो असतो तर बरं होतं. १९८५ साली 'ध्वनिक्षेपकाच्या उपद्रवाबाबत' असा अर्ज करायचं ठरलं आणि तो मी लिहिला. मी बँकेत कारकून. माझं अक्षर मोत्यासारखं. एकवीस सह्यांचा तो अर्ज खाली देऊन आलो आणि त्या रात्री पुन्हा पंचा तोंडावर टाकून ऐकत पडलो. सौ. म्हणाली, "अहो, झोप लागली का?" मी म्हटलं, "हो." झोपलेला माणूस 'हो' म्हणत नाही हे तिला माहीत होतं. पण संसार अशाच दुर्लक्षांवर चालतो.

१९८७ साली मात्र घात झाला. गाणं रंगात आलं होतं. एका बाईची गोष्ट चालली होती. ती विहिरीवर उभी आहे, घागर रिकामी आहे, वरून कुणी पाणी वाढेल म्हणून वाट बघते आहे. आणि नेमकी वीज गेली. कर्णा मेला. गच्चीवर कुणीतरी "सुटलो बुवा!" म्हणालं. पण गाणं बंद पडलं नव्हतं. बिनकर्ण्याचं चालूच होतं. शब्द तेवढे ऐकू येईनासे झाले.

त्या बाईला पाणी मिळालं की नाही?

मी पाच मिनिटं तळमळलो. मग "पाणी पिऊन येतो" म्हणून उठलो. सुरई उशाशीच होती. सौ. काही बोलली नाही. जिना उतरलो, भिंतीला वळसा घातला, नाल्यावरची फरशी ओलांडली आणि मांडवात शिरलो. कंदिलाच्या उजेडात शंभरेक माणसं बसली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं, असं मला वाटलं. खरं म्हणजे कुणीही पाहिलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने फक्त लुगडं आवरून जागा केली आणि म्हणाली, "बस की बाबा. उबा कामून?"

पाणी मिळालं नव्हतं. पुढच्या कडव्यात ती बाई घागर आपटून फोडते आणि स्वतः विहिरीत उतरते. मांडव उठून उभा राहिला. मी बसूनच होतो; माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

हे जे शाहीर होते, त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. नगरपालिकेत नोकरी, संध्याकाळी वही, रात्री पेटी. गाणं स्वतःच लिहायचं, चाल स्वतःच लावायची आणि गायचंही स्वतःच. शहरातल्या मुलांना अलीकडे याचं फार कौतुक वाटतं. गिटार घेऊन एकटाच आपली गाणी म्हणणारा कुणी कॅफेत आला की तिकीट काढून जातात. जावं, अवश्य जावं. पण आमच्या मराठवाड्यात हा धंदा सातशे वर्षांचा आहे. नर्सीचे नामदेव दुसरं काय करत होते? गंगाखेडची जनाबाई दळता दळता करायची तेच. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी आमच्या नांदेडात त्या ग्रंथालाच गुरुपद दिलं. म्हणजे नर्सीचं गाणं पंजाबभर फिरून पुन्हा गोदावरीकाठी परत आलं. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. आमच्या संतांनी शेवटच्या ओळीत आपलं नाव घालून ती व्यवस्था आधीच करून ठेवली होती.

शाहिरांचे गुरू म्हणजे वामनदादा कर्डक. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग हजारोंनी गाणी लिहिली. वाड्यावस्त्यांवर जाऊन गायली. २००४ साली ते गेले तोपर्यंत महाराष्ट्रात त्यांची गाणी न गायलेली वस्ती शोधावी लागली असती. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव यायचंच. आमचे शाहीर मात्र आपलं नाव घालत नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "नाव घातलं की गाणं आपलं होतंय सायेब. मग दुसरा म्हनताना लाजतो."

१९८९ साली माझी लातूरला बदली झाली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी. जाते, रेल्वेने जायचं तर परभणी, परळी, लातूर रोड असा द्राविडी प्राणायाम. मला वाटलं, गाणं सुटलं. पण शाहीर लातूरलाही यायचे. कधी शाळेच्या वर्गात, कधी वाचनालयाच्या माडीवर, कधी कामगारांच्या खोलीत. दयानंद सभागृहात मोठमोठे कार्यक्रम व्हायचे. शाहिरांचा कार्यक्रम शोधायला मात्र हमालांना विचारावं लागायचं. एकदा आम्ही श्रोते मोजून सतरा होतो, त्यांत दोन जण पावसामुळे आडोशाला आलेले. शाहीर सतरा हजारांपुढे गावं तसे गायले. नांदेडला 'येऊलालाव' म्हणणारं कडवं लातूरला 'यायलाव' म्हणायचं. गाव बदललं की गाणं बदलायचं. म्हणूनच त्यांनी कॅसेट काढली नाही. कॅसेटमधलं गाणं हलत नाही, म्हणायचे.

अशाच एका कार्यक्रमात त्यांनी नवं कडवं टाकलं. एक साहेब असतो. दिवसा गाण्याविरुद्ध अर्ज लिहितो आणि रात्री तेच गाणं चोरून ऐकतो. सकाळी विचारलं तर म्हणतो, डास फार होते. लोक पोट धरधरून हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. कार्यक्रम संपला, पान खाल्लं, घरी निघालो आणि गंजगोलाईपाशी आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्या रात्री मला पळायला एकही पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यांना गाठलं. चहा सांगितला. म्हटलं, "शाहीर, ते कडवं..."

"आवडलं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं. आमच्याच शाखेचं, नोंदी माझ्या हातच्या. "अर्ज वस्तीत दाखवाया आनला व्हता, तवा म्या म्हनलं, ह्ये अक्षर तर आपल्या वळखीचं हाय." मग चहा बशीत ओतत म्हणाले, "लई सुंदर अक्षर हाय सायेब तुमचं."

एवढंच. रागावले असते तर मला माफी मागता आली असती. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढे पत्र्याच्या शेडांची गावं उभी राहिली. तिथे शाहीर आले तेव्हा ढोलकी आणली नव्हती. "धडधडलं की लेकरं दचकत्यात," म्हणाले. नुसत्या पेटीवर, खालच्या आवाजात गायले. कोरस नव्हता. एका शेडमध्ये तीसेक माणसं होती. एका माणसाने गाणं मध्येच थांबवून आपल्या घरातल्यांची नावं सांगितली. शाहिरांनी ती वहीत लिहून घेतली आणि पुढच्या कडव्यात गायली. मग दुसऱ्याने सांगितली. मग तिसऱ्याने. रात्र संपली, नावं संपली नाहीत. ज्या माणसाने स्वतःचं नाव कधी गाण्यात घातलं नाही, त्याच्या तोंडून ती नावं ऐकताना मी पंचा तोंडावर घेतला. या वेळी सोंग नव्हतं.

आता मी निवृत्त होऊन नांदेडला परतलो आहे. मधल्या काळात १९९४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलं आणि विहिरीवरच्या त्या बाईच्या गाण्यात आगगाडीचं कडवं आलं. शाहिरांचा आवाज आता बसला आहे. गेल्या चौदा एप्रिलला मांडवात ते तेच गाणं गायला बसले आणि घागर फुटायच्या ओळीवर अडकले. पेटी तेवढी फिरत राहिली. पोरं मोबाइल धरून शूटिंग करत होती. गाणं कुणालाच पाठ नव्हतं. मला ओळ ठाऊक होती. सहा वर्षं गच्चीवर पाठ केली होती. मी बसल्या जागेवरून, बेसूर, म्हणून टाकली. शाहिरांनी मान हलवली आणि पुढचं कडवं उचललं.

मुलाच्या मोबाइलवर ते सगळं आहे. सौ.ने ऐकलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हीच का हे? मला वाटलं कुणाला ठसका लागला."

भिंत अजून आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत मी सूचना मांडली की भिंतीला मागच्या बाजूने एक छोटं फाटक असावं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक तरुण सभासद, शिकलेला, संगणकवाला मुलगा, म्हणाला, "काका, डुकरं येतील." विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. इतिवृत्त मलाच लिहायला सांगितलं, अक्षर चांगलं म्हणून. मी त्यात डुकरांचा उल्लेख केला नाही. 'सभासदांना भीती वाटते' एवढंच लिहिलं. त्यावरून आता वाद चालू आहे.

तोवर मी वळशानेच जातो. पूर्वी दोनशे पावलं व्हायची. आता गुडघ्यांमुळे साडेतीनशे होतात.