बोचक्यातले देव

गमत्यानं मोहाच्या दारूची बाटली कपाळाला लावली, ‘तीर्थ’ म्हणून तोंडाला लावली आणि सारी मंडई हसली. ते हसू माझ्या डोक्यातून अजून जात नाही. हसणारे कोणी परके नव्हते. ज्यांच्या घरी मी लहानपणी जेवले, जे माझ्या लग्नात पंगतीला वाढायला उभे होते, ते हसत होते.

आमचं नाकाडोंगरी तुमसर तालुक्याच्या पार टोकाला, मध्य प्रदेशाला लागून. या पट्ट्यात भाऊबीज झाली की मंडया लागतात, आज या गावी तर उद्या त्या गावी. लेकीबाळी माहेरी येतात, बाजार भरतो, दिवसा दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री नाटक. मी तुमसरला दिली, पण मंडई चुकवत नाही. या वेळी गंमतीची पार्टी बाहेरगावची होती. गण झाला, गौळण झाली, मावशीनं कृष्णाची यथेच्छ टर उडवली. मीही हसले. मग वग सुरू झाला आणि त्यात एक सेवक निघाला.

सेवक म्हणजे परमात्मा एक मार्गातला माणूस. नागपूर-भंडाऱ्याकडच्या वाचकाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. महानत्यागी बाबा जुमदेव ठुब्रीकर नागपूरच्या विणकर घरातले, जन्म १९२१चा. १९९६ साली ते गेले. एकच भगवंत माना, सत्य बोला, मर्यादेत राहा, प्रेमानं वागा, दारू-जुगार-सट्टा सोडा, ही त्यांची शिकवण. मार्गात येणारं घर आपले जुने देव विसर्जित करतं. सेवक भेटले की ‘नमस्कार जी’ म्हणतात. दुसऱ्याच्या पूजेचा प्रसाद घेत नाहीत, आणि गावात खरा राग असतो तो या प्रसादाचाच.

तर वगात एक दारुडा, तोच हसवणारा गमत्या. त्याची बायको त्याला मार्गात नेते. तो येईल जाईल त्याला ‘नमस्कार जी’ म्हणत सुटतो. बकरीला म्हणतो, खांबाला म्हणतो. इथपर्यंत मलाही हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. मग बायको देव्हाऱ्यातले देव लुगड्यात बांधते आणि नवऱ्याच्या डोक्यावर ते बोचकं देते. हा नदीवर जातो, बोचकं सोडतो, देवांच्या मधून बाटली काढतो. एकेक देव पाण्यात टाकायचा आणि एकेक घोट घ्यायचा. प्रत्येक घोटाला ‘तीर्थ’. शेवटी झिंगून घरी येतो, बायको पाया पडते आणि म्हणते, माझा नवरा सुधारला.

माझी माय माझ्या शेजारी बसली होती.

माझे वडील माईनवर कामाला होते. आमच्या आजूबाजूला चिखला, डोंगरी बुजुर्ग, सारा मँगनीजचा मुलूख. पगाराच्या दिवशी ते घरी येत नसत, त्यांना आणावं लागे, आणि आणायला माय जाई. पुढचं लिहीत नाही. ज्या घरात हे झालं त्या घराला माहीत आहे, आणि ज्या घरात झालं नाही त्याला सांगून उपयोग नाही. मग माझ्या मावशीनं मार्गाचं सुचवलं. मार्गदर्शक घरी आले, माणसासारखं बसून बोलले. वडिलांना शिव्या दिल्या नाहीत, भीती घातली नाही. फक्त म्हणाले, घरातल्या सगळ्यांनी एकमतानं ठरवलं तरच मार्गाचं कार्य घ्या.

देव बांधले मायनंच. त्यात एक पितळेचा बाळकृष्ण होता, तिनं माहेराहून आणलेला. तिच्या आजीनं दिलेला. रांगता, हातात लोण्याचा गोळा, घासून घासून नाक गुळगुळीत झालेलं. त्याला ती रोज न्हाऊ घालत असे. मी तेव्हा शाळेत होते, तिच्याबरोबर बावनथडीवर गेले. पाणी थोडंच होतं, खोल जागा शोधत आम्ही बरंच वर चालत गेलो. बाकीचे देव तिनं एकदम सोडले. बाळकृष्ण हातात धरून बसली. मी म्हटलं, हा ठेवू, कोणाला कळणार आहे? ती म्हणाली, “मले तं कळते ना.” आणि सोडला. परतताना ती एक शब्द बोलली नाही. वडिलांची दारू त्यानंतर सुटली. लगेच नाही, एकदा पुन्हा घसरले, मग मात्र सुटली. ती भगवंताच्या कृपेनं सुटली असं मी मानते. कोणी म्हणेल बैठकीतल्या माणसांनी धरून ठेवलं म्हणून सुटली. त्यानं माझं काही बिघडत नाही.

गमत्यानं बोचकं सोडलं तेव्हा मला तो बाळकृष्ण दिसला. त्याला हे कसं माहीत असणार? पण मग त्यानं त्या बोचक्याला हात तरी का लावावा? ‘नमस्कार जी’ची थट्टा करा, प्रसादाची करा, आमच्यातल्या ढोंग्यांची तर जरूर करा. सकाळी बैठकीत बसून रात्री पिणारे आमच्यात आहेत, त्यांना आम्हीच जास्त ओळखतो. पण देव पाण्यात सोडताना बाईच्या पोटात काय तुटतं त्याच्यावर तुम्ही हशा पिकवलात.

वग संपायच्या आत आमच्यातली चार पोरं उठली. गोबरवाहीच्या ठाण्यात जायचं म्हणाली. एकानं मोबाईलवर कलमही काढलं होतं. जुन्या दंड संहितेतलं २९५-अ, १९२७ सालचं, आता न्याय संहितेत २९९. त्यात शब्द आहेत जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं. मी त्यांना अडवलं. म्हटलं, गमत्याचा हेतू दुष्ट नव्हता, त्याला टाळ्या हव्या होत्या. कोर्टात तुम्ही काय सिद्ध करणार? २००८ साली ‘आम्ही पाचपुते’ नाटकात महाभारतातल्या पात्रांवर विनोद आहेत म्हणून ठाण्याच्या गडकरी रंगायतनात स्फोट घडवला गेला, माणसं जखमी झाली. हीही आठवण मी त्यांना दिली. तक्रार आणि स्फोट एक नव्हेत, हे मला कळतं. पण दोन्हींची सुरुवात ‘आमच्यावर हसायचं नाही’ इथूनच होते असं मी तावातावानं बोलून गेले.

आता घरी बसून विचार करते तर तेवढी खात्री राहत नाही. २०२४च्या मार्चमध्ये मोहाडीत एका मोठ्या कथेच्या मंचावरून बाबांविषयी वावगं बोललं गेलं. सेवक ठाण्यावर गेले, गुन्हा नोंदला गेला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, मनापासून बरं वाटलं होतं. मग गमत्याला मी का सोडलं? तो गरीब कलावंत आहे म्हणून? की मंचावरून जोरात बोलणाऱ्याचा राग येतो आणि आपल्या गावच्या हशाची नुसती लाज वाटते म्हणून? मला वाटतं, फरक बळाचा आहे. ज्याच्यामागे लाखोंची गर्दी आहे त्यानं लहान पंथाला हिणवणं वेगळं आणि पोटासाठी नाचणाऱ्यानं हिणवणं वेगळं. पण मायच्या शेजारी बसून ऐकताना दोन्ही सारखंच लागलं, हेही खरं.

कृष्णाच्या गौळणीवर कोणाला राग येत नाही, कारण हसणारे सगळे कृष्णाचेच असतात. आमच्यावर हसणाऱ्यांत आमचे किती होते? गाडगेबाबा कीर्तनात देवालाच उलटे प्रश्न विचारत, बकरं मागणाऱ्या देवाची पार दशा करत, आणि लोक पोट धरून हसत. पण दिवसभर हातात खराटा घेऊन त्यांनी त्याच लोकांचं गाव झाडलेलं असे. त्यांना तो हक्क होता. आणि आमच्या सेवकांनाही मला हेच सांगायचं आहे. बैठकीत शेजाऱ्याच्या देवांना ‘दगडधोंडे’ म्हणून हसणं चालतं, ते थांबवा. ज्याचा बाळकृष्ण अजून देव्हाऱ्यात आहे त्यालाही ते असंच लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्टी उतरली होती तिथं गेले. शाहीर चहा पीत होते. मी बाळकृष्णाचं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, “ताई, माहा साळा सेवक आहे. तो असाच पेत होता, लपून. म्हनून वगात घातला.” मी म्हटलं, मग साळ्याचं नाव घेऊन दाखवा, सगळ्यांना बाटली कशाला देता? त्यावर ते हसले नाहीत. ‘तीर्थ’ हा शब्द काढतो म्हणाले, बोचकं मात्र राहू द्या, त्याच्यावर टाळी येते. मी म्हटलं, टाळी येते म्हणूनच काढा. आमचं तिथं जमलं नाही. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

मायला विचारलं, तुले राग नाही आला? ती म्हणाली, “हासू दे वो. थो मानूस देव मोठ्या जोरानं फेकत होता, तेवढा नाही आवडला.” वडील काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी नेहमीप्रमाणे ज्योत लावून विनंतीला बसले.

आता गावात बोलणं चाललं आहे की पुढच्या मंडईला पार्टी ठरवतानाच लिहून घ्यावं, कोणत्याही धर्माचं नाव वगात येणार नाही. आमच्यातले काही याला राजी आहेत, आमच्यावर हसणारेही काही राजी आहेत. माझी सही मागायला आले होते. मी दिली नाही. असं लिहून घेतलं तर गौळणही जाईल, आणि गौळण गेलेली मंडई मला नको. त्याच शाहिरांना बोलवा म्हटलं. बोचकं ठेवायचं तर ठेवू देत, पण एकदा आमच्या घरी येऊन मायशी बोलून मग ठेवू देत. मंडई भरवणाऱ्या मंडळानं अजून होकार दिलेला नाही.